कर्करोग, जन्मजात प्रतिकारशक्ती आणि गॅमा-डेल्टा पेशी

खारघरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ ठाण्यापासून पनवेलपर्यंत बहुतेकांना रुग्णालय म्हणून ठाऊक असते. टाटा मेमोरियल सेंटरच्या त्याच आवारात प्रयोगशाळाही आहेत आणि त्यांचा वारसा परळच्या जुन्या कर्करोग संशोधन संस्थेपर्यंत मागे जातो, हे मात्र तुलनेने कमी जणांना माहीत असते. ही संस्था २००२ साली परळहून खारघरला आली. तिथल्या शास्त्रज्ञ आणि पुढे अ‍ॅक्ट्रेकच्या संचालक झालेल्या डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी कित्येक वर्षे एका अल्पसंख्य आणि त्या काळी काहीशा दुर्लक्षित पेशीचा पाठपुरावा केला. गॅमा-डेल्टा टी-पेशी हे तिचे नाव. ही पेशी कर्करोगाला कशी ओळखते, त्याला कशी मारते आणि काही वेळा त्याच रोगाच्या उपयोगी कशी पडते, हे समजून घेतले की जन्मजात प्रतिकारशक्ती आणि कर्करोग यांच्यातला सगळा व्यवहार बऱ्यापैकी उलगडतो.

त्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी हवी. आपल्या शरीराच्या संरक्षणाचे दोन भाग मानले जातात. पहिला जन्मजात प्रतिकारशक्तीचा. यात जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी, जखमेकडे सर्वांत आधी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, नैसर्गिक मारक पेशी आणि बातमी पुढे पोहोचवणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी येतात. धोका कसा ओळखायचा याचे ज्ञान त्यांना आईवडिलांकडून आलेल्या जनुकांतच मिळालेले असते, म्हणून त्या मिनिटांत किंवा तासांत कामाला लागतात. दुसरा भाग अर्जित प्रतिकारशक्तीचा. त्यात टी-पेशी आणि बी-पेशी येतात. त्यांतील प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट लक्ष्यासाठी घडलेली असते. योग्य पेशी सापडून तिची फौज उभी राहायला काही दिवस जातात, पण एकदा पाहिलेला शत्रू ती वर्षानुवर्षे विसरत नाही. लस काम करते ती मुख्यतः या दुसऱ्या भागाच्या स्मरणशक्तीवर.

कर्करोगाच्या संशोधनात दीर्घकाळ मान मिळाला तो टी-पेशींना, आणि तो अस्थानी नव्हता. टी-पेशींवरचे ‘ब्रेक’ काढणाऱ्या औषधांचा पाया घालणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या औषधांनी मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग व फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या काही रुग्णांचे आयुष्य खरोखरच बदलले. मात्र ही औषधे बऱ्याच रुग्णांना लागू पडत नाहीत. त्याची जी कारणे पुढे आली, त्यांतील एक मोठे कारण समजून घेण्यासाठी टी-पेशी नेमके काय पाहते हे जाणून घ्यावे लागते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे हे रेणू बाहेर आणून धरतात. बाहेरून फिरणारी मारक टी-पेशी हे तुकडे तपासते. त्यात विषाणूचा किंवा बिघडलेल्या जनुकातून आलेल्या प्रथिनाचा तुकडा दिसला, तर ती पेशी संपवली जाते. ठाणे-वाशी लोकलमधल्या तिकीट तपासनिसाचे उदाहरण घेतले, तर ही टी-पेशी पास हातात घेऊन त्यावरचे नाव आणि तारीख बारकाईने वाचणारी. आता पासवरचा मजकूर आपल्याला अडकवणार हे ज्याला कळले आहे, तो पासच खिडकीबाहेर फेकून देईल. कर्करोगाच्या पेशींमध्ये नेमके हेच घडते. गाठीतल्या कोट्यवधी पेशींपैकी एखादीत एचएलए बनवणारे जनुक निकामी झाले की ती टी-पेशीला दिसेनाशी होते. मग टी-पेशी तिच्या दिसणाऱ्या भावंडांना मारत राहतात आणि न दिसणारी वाढत जाते. यात कुणाची हुशारी नाही, हा निव्वळ निवडीचा परिणाम आहे. पण परिणाम रुग्णाच्या दृष्टीने तितकाच वाईट असतो.

मग पास नसलेल्यांना पकडणारे कोणी आहे का?

१९७०च्या दशकात टी-पेशी गाठीच्या पेशींना किती मारतात हे मोजण्यासाठी किरणोत्सारी क्रोमियम वापरले जाई. गाठीच्या पेशींत क्रोमियम भरायचे, त्यांत टी-पेशी सोडायच्या आणि पेशी फुटून किती क्रोमियम बाहेर पडले ते मोजायचे. या प्रयोगांत एक त्रासदायक गोष्ट वारंवार दिसे. ज्या उंदरांचा त्या गाठीशी पूर्वी कधीच संबंध आला नव्हता, त्यांच्या रक्तातल्या पेशीही थोड्याफार गाठी-पेशी मारत असत. हा प्रयोगातला दोष समजून पुष्कळांनी तिकडे काणाडोळा केला. १९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले रोल्फ किस्लिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी स्वतंत्रपणे, हा दोष नसून एक वेगळीच पेशी आहे असे दाखवून दिले. पूर्वतयारी किंवा लसीकरण न लागता मारणारी, म्हणून तिचे नाव नैसर्गिक मारक पेशी पडले. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींमध्ये (टी-पेशी, बी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींमध्ये) तिचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते.

ती मारते हे कळले, तरी कुणाला मारायचे हे ती कशी ठरवते, हे काही उलगडेना. ते कोडे सोडवण्याची दिशा कॅरोलिन्स्कातच पीएच.डी. करणाऱ्या क्लास कॅरे यांना मिळाली, आणि ती मिळाली कर्करोगातून नव्हे, तर उंदरांमधल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणातल्या एका विसंगतीतून. प्रत्यारोपणाचा नियम असा की शरीर परकी खूण असलेले अवयव नाकारते. दोन वेगळ्या जातींच्या उंदरांच्या संकरातून जन्मलेल्या पिल्लात आई आणि बाप या दोघांच्याही खुणा असतात. त्यामुळे आईची अस्थिमज्जा पिल्लाला दिली, तर त्याच्या दृष्टीने तीत परके असे काहीच नसायला हवे. तरीही पिल्ले ती नाकारत. कॅरे यांनी प्रश्न उलटा केला. आईच्या मज्जेत परकी खूण नाही हे खरे, पण पिल्लाच्या शरीराला सवयीची असलेली बापाची खूणही तिच्यात नाही. मारक पेशी परके काही शोधत नसून आपल्यापैकी काही हरवले आहे का, हेच पाहत असतील तर?

हा विचार त्यांनी १९८१च्या आपल्या प्रबंधात मांडला. १९८६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रयोगाचा पुरावा दिला. एकाच रक्ताच्या कर्करोगाच्या दोन प्रकारच्या पेशी त्यांनी घेतल्या. एका प्रकारात एचएलएचे उंदरातले समकक्ष रेणू शाबूत होते, दुसऱ्यात ते नाहीसे झाले होते. त्याच जातीच्या उंदरांत थोड्या संख्येने या पेशी सोडल्यावर शाबूत खूण असलेल्या पेशींच्या गाठी वाढल्या, आणि खूण हरवलेल्या पेशींचा मात्र नायनाट झाला. टी-पेशींच्या तर्काने पाहिले तर हे अगदी विपरीत होते. पुढे १९९०च्या दशकात मारक पेशींवर एचएलएला चिकटून ‘थांब’ असा आदेश देणारे ग्राही रेणू सापडले आणि कॅरे यांची कल्पना रेणूंच्या पातळीवरही खरी ठरली. लोकलमधला हा दुसरा तपासनीस पासवरचा मजकूर वाचतच नाही. पास दाखवला की पुढे जातो, नाही दाखवला की खांद्यावर हात ठेवतो.

अर्थात निव्वळ खूण नसणे पुरेसे नसते. तसे असते तर आपल्या लाल रक्तपेशी, ज्यांच्यावर एचएलए जवळजवळ नसते, मारक पेशींनी केव्हाच संपवल्या असत्या. मारण्यासाठी ‘थांब’चा आदेश नसावा लागतो, तसाच ‘मार’ असा एक स्वतंत्र संकेतही असावा लागतो. तो संकेत येतो पेशीच्या ताणातून. डीएनए तुटले, ऑक्सिजन कमी पडला, प्रथिने नीट घडी न होता गोळा होऊ लागली, की पेशी काही विशिष्ट रेणू पृष्ठभागावर आणते. मायका आणि मायकबी ही त्यांतली गाजलेली जोडी. कर्करोगाची पेशी अखंड धावपळीत असते; ती भराभर विभागते, तिचे डीएनए सतत तुटत असते, तिला अन्न पुरत नाही. त्यामुळे ही ताणाची चिन्हे लपवणे तिला कठीण जाते. मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कर्करोगाच्या पेशीची ओळख रुग्णागणिक वेगळी असते, कारण प्रत्येकाच्या गाठीत वेगवेगळी जनुके बिघडलेली असतात. ताण मात्र तोंडाच्या, स्तनाच्या किंवा आतड्याच्या गाठीत पुष्कळसा सारखाच असतो. ओळख वाचणारी यंत्रणा प्रत्येक रुग्णासाठी नव्याने उभी करावी लागते, पण ताण वाचणारी यंत्रणा एकीकडून दुसरीकडे नेता येण्याची शक्यता असते.

आता गॅमा-डेल्टा पेशींकडे येऊ. नेहमीच्या टी-पेशीचा ग्राही रेणू अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा असतो. १९८४ साली सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत या साखळ्यांची जनुके शोधताना एक तिसरेच जनुक हाती लागले, आणि त्यातून पुढे गॅमा आणि डेल्टा साखळ्यांची एक वेगळीच टी-पेशी उजेडात आली. आधी पेशी दिसली आणि मग तिचे जनुक सापडले, असा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. त्यामुळे ही पेशी करते काय, हा प्रश्न शोधानंतरही बरीच वर्षे उघडा राहिला. रक्तातल्या टी-पेशींत तिचा वाटा बहुतेकांत पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्वचा, आतडे यांसारख्या अस्तरांत काही प्राण्यांमध्ये ती यापेक्षा कितीतरी जास्त असते.

ती जन्माने टी-पेशी, वागणुकीने जन्मजात यंत्रणेतली. तिला एचएलएवर धरलेला तुकडा वाचावा लागत नाही. ताणाची चिन्हे ती थेट पाहते आणि दिवसांची तयारी न करता हल्ला चढवते. पाठ्यपुस्तकांत जन्मजात आणि अर्जित अशी जी स्वच्छ रेघ आखलेली असते, तिच्यावरच ही पेशी उभी आहे. २००१ साली एका प्रयोगात ज्या उंदरांत या पेशीच नव्हत्या, त्यांना त्वचेवर रसायने लावल्यावर इतर उंदरांपेक्षा अधिक प्रमाणात कर्करोग झाला, तेव्हा अस्तरांच्या राखणीत तिचा हात आहे हे स्पष्ट झाले.

चिपळूणकर यांच्या गटाने तिचा अभ्यास केला तो आपल्याकडच्या रोगाच्या संदर्भात. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मोडतो आणि त्यामागे तंबाखू, मावा, गुटखा, मशेरी हे आहे, हे महाराष्ट्रात नव्याने सांगण्याची गरज नाही. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही स्टेशनबाहेरच्या भिंती सांगतात. संस्था परळला होती त्या काळात, १९९९ साली, या गटाने दाखवले की तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधल्या गॅमा-डेल्टा पेशी गाठीच्या पेशींना मारू शकतात आणि त्यासाठी त्या गाठीच्या पेशींवरचे एचएसपी-६० नावाचे प्रथिन ओळखतात. या प्रथिनाला प्रतिद्रव्याने झाकून टाकले की मारण्याचे प्रमाण घटते. पुढे अन्ननलिकेच्या कर्करोगातही अशा प्रथिनांचा सहभाग त्यांना आढळला.

एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रथिने. त्यांचा शोध १९६०च्या दशकाच्या आरंभी फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाश्यांच्या अळ्या नेहमीपेक्षा जास्त तापमानात राहिल्यामुळे लागला, म्हणून हे नाव. पण ती उष्णतेखेरीज इतर अनेक ताणांतही वाढतात. त्यांचे मूळ काम पेशीच्या आतले. चुरगळलेल्या प्रथिनांची घडी नीट करून देण्याचे. एचएसपी-६० तर एरवी पेशीच्या ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात वावरणारे. ते कर्करोगाच्या पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर दिसावे, ही त्या पेशीच्या आतली घालमेल बाहेर फुटल्याची खूण झाली, आणि गॅमा-डेल्टा पेशी नेमकी तीच टिपते.

या पेशीला दिसणारे आणखी एक चिन्ह आहे, आणि त्याचा संबंध एका अशा इंजेक्शनशी येतो जे कर्करोगाच्या पुष्कळ कुटुंबांना परिचित असते. कर्करोग हाडांत पसरला की हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सलाइनमधून देतात. हाडे विरळ झालेल्या वयस्कर स्त्रियांनाही ते वर्षातून एकदा दिले जाते. पहिल्या डोसानंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येते, आणि घरचे लोक घाबरतात. डॉक्टर सांगतात की हे अपेक्षित आहे. ते का अपेक्षित आहे, याचा धागा १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांना लागला. याच कुळातले पामिड्रोनेट हे औषध घेतल्यावर ज्या रुग्णांना ताप आला, त्यांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या आढळल्या.

कारण असे. आपल्या पेशी कोलेस्टेरॉल ज्या साखळी-अभिक्रियेतून बनवतात, तिच्या मधल्या टप्प्यावर आयपीपी नावाचा एक छोटा रेणू तयार होतो आणि लगेच पुढे वापरला जातो. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड त्याच्या पुढचा टप्पा बंद करते, त्यामुळे आयपीपी पेशीत साठत जातो. पेशीच्या आवरणात ब्युटिरोफिलिन नावाची प्रथिने असतात. आत आयपीपी वाढला की त्यांची बाहेरची ठेवण बदलते, आणि आपल्या रक्तातला प्रमुख गॅमा-डेल्टा प्रकार त्या बदलाला प्रतिसाद देऊन चेततो. जिवाणूंमध्येही आयपीपीसारखाच, पण त्याहून कितीतरी प्रभावी रेणू असतो, त्यामुळे या पेशीला ही भाषा मुळात जंतूंसाठी येत असावी असे मानायला जागा आहे. काही कर्करोगांच्या पेशींत ही अभिक्रिया मुळातच वेगाने चाललेली असल्यामुळे त्यांच्यात आयपीपी नेहमीपेक्षा जास्त असतो. तो औषधाने आणखी वाढवला की पेशी अधिक ठळक दिसू लागते. खारघरच्या गटानेही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना अशा औषधाने आधी तयार करून घेतले आणि मग गॅमा-डेल्टा पेशी त्यांना अधिक प्रभावीपणे मारतात, हे २०१० साली प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट सांगून ठेवणे भाग आहे. या माहितीवरून कुणी हाडांचे इंजेक्शन प्रतिकारशक्तीसाठी मागू नये. हे औषध आणि आयएल-२ हा चेतवणारा रेणू एकत्र देऊन माणसांत चाचण्या झाल्या आहेत. त्यांत काही रुग्णांचा रोग थोपला, पुष्कळांत काहीच विशेष घडले नाही. पेशींना पुन्हा पुन्हा चेतवले की त्या थकतात आणि पुढच्या डोसाला प्रतिसाद देईनाशा होतात, हेही दिसून आले. शिवाय या औषधाने क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते, म्हणून दातांची तपासणी करूनच ते सुरू करतात.

इथपर्यंतची कथा पेशीच्या बाजूने आहे. पण चिपळूणकर यांच्या गटाचेच २०१६ साली प्रसिद्ध झालेले काम दुसरी बाजू दाखवते, आणि माझ्या मते ते पहिल्या कामाइतकेच मोलाचे आहे. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, बराच आढळतो. तो बहुधा उशिरा लक्षात येतो आणि त्याच्या मागे अनेकदा खडे आणि वर्षानुवर्षांचा दाह असतो. या रुग्णांमध्ये गटाला आयएल-१७ नावाचा रेणू स्रवणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या सापडल्या. या पेशी गाठीला मारत नाहीत. त्यांच्या स्रावांमुळे गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते, म्हणजे गाठीला रक्तपुरवठा करण्याचेच काम त्या करतात. ज्या रुग्णांत त्यांचे प्रमाण जास्त, त्यांचे आयुर्मान कमी, असा संबंधही दिसून आला.

तोंडाच्या गाठीला मारणाऱ्या पेशीचे हे भाऊबंद पित्ताशयात गाठीची सेवा करू लागतात, याचे मूळ जन्मजात यंत्रणेच्या दुहेरी कामात आहे. जंतू मारणे हे तिचे एक काम. जखम भरून काढणे हे दुसरे. जखम भरायची तर नव्या पेशी वाढायला हव्यात, रक्तवाहिन्या फुटायला हव्यात आणि मारक पेशींना आवरायला हवे, नाहीतर नव्याने येणारी ऊतीच मारली जाईल. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८६३ सालीच नोंदवले होते. १९८६ साली हॅरॉल्ड ड्वोराक यांनी गाठ म्हणजे न भरणारी जखम असे म्हटले, आणि ते वर्णन अजूनही टिकून आहे. गाठ सतत ‘मी जखमी आहे’ असे संदेश सोडते. महाभक्षी पेशी त्या हाकेला ओ देऊन येतात आणि गिळण्याऐवजी डागडुजीला लागतात. अनेक प्रकारच्या कर्करोगांत गाठीतल्या महाभक्षी पेशींची गर्दी ही वाईट लक्षणांत मोजली जाते.

यामुळेच ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे, पावडरी आणि गोळ्या यांच्या जाहिराती कर्करोगाच्या संदर्भात मला निरर्थक वाटतात. प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त करण्याची एकच कळ नाही. तिचा नेमका कोणता भाग, कोणत्या जागी, कोणत्या वेळी चेतवायचा, हाच तर अर्धशतकभर चाललेल्या संशोधनाचा प्रश्न आहे. गाठीच्या सेवेत असलेल्या पेशी ‘वाढल्या’ तर त्यात रुग्णाचे हित काय? केमोथेरपी चालू असताना डॉक्टरांना न सांगता घेतलेले काढे यकृताला आणि औषधांच्या प्रमाणाला बाधा आणू शकतात, हा धोका वेगळाच.

योग्य जागी चेतवल्यावर काय होते, याचे एक जुने आणि खात्रीचे उदाहरण आहे. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर क्षयरोगाविरुद्ध दिली जाणारी बीसीजी लस मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कर्करोगावर थेट मूत्राशयात सोडतात. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९० साली अमेरिकेने या वापराला मान्यता दिली, आणि आजही तो प्रमाणित उपचार आहे. लशीतल्या जिवंत पण दुबळ्या जिवाणूंमुळे मूत्राशयाच्या अस्तरात जन्मजात यंत्रणा जागी होते आणि तिथून पुढे टी-पेशींनाही निरोप जातो. हीच लस दंडात टोचली तर मूत्राशयातल्या गाठीवर असा परिणाम होत नाही. २०२४ साली, बीसीजीला दाद न देणाऱ्या काही रुग्णांसाठी, तिच्या जोडीने नैसर्गिक मारक पेशी आणि टी-पेशींना चेतवणारे आयएल-१५वर आधारलेले एक औषधही अमेरिकेत मंजूर झाले.

सगळेच प्रयत्न असे फळले नाहीत. ‘मला गिळू नको’ असे महाभक्षी पेशींना सांगणारे सीडी-४७ हे प्रथिन झाकणाऱ्या मॅग्रोलिमॅब या प्रतिद्रव्याकडून फार अपेक्षा होत्या, पण रक्ताच्या कर्करोगांवरच्या त्याच्या मोठ्या चाचण्या २०२३ आणि २०२४ साली अपयशी ठरून थांबवाव्या लागल्या. प्रयोगशाळेतल्या उंदरापासून वॉर्डातल्या खाटेपर्यंतचा रस्ता या क्षेत्रात बराच लांबचा आहे.

गॅमा-डेल्टा आणि नैसर्गिक मारक पेशींबद्दलची सध्याची उत्सुकता मात्र एका व्यावहारिक कारणाने टिकून आहे. भारतातला पहिला कार-टी उपचार ४ जून २०२१ रोजी अ‍ॅक्ट्रेकमध्येच झाला आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या स्वदेशी उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत द्याव्या लागतात, कारण दुसऱ्याच्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी तयारी करायची म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही आले. गॅमा-डेल्टा आणि नैसर्गिक मारक पेशी एचएलए वाचून हल्ला करत नाहीत, त्यामुळे निरोगी दात्याच्या पेशी वाढवून, गोठवून ठेवून अनेक रुग्णांना देण्याची कल्पना येथे शक्य वाटते. अमेरिकेत एम. डी. अँडरसन रुग्णालयाच्या केटी रेझवानी यांच्या गटाने नाळेच्या रक्तातल्या नैसर्गिक मारक पेशींत असा बदल करून ११ रुग्णांना त्या दिल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ८ जणांनी प्रतिसाद दिला आणि कार-टीमध्ये आढळणारे गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. संख्या लहान आहे, आणि हे रुग्ण रक्ताच्या कर्करोगांचे होते. घट्ट गाठीच्या आत शिरणे ही निराळी अडचण आहे.

घट्ट गाठींबाबतचा एक महत्त्वाचा पुरावा २०२३ साली नेदरलँड्समधून आला. आतड्याच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगात एचएलए पूर्णपणे हरवलेले असूनही ‘ब्रेक’ काढणारी औषधे काही रुग्णांना चांगली लागू पडत, आणि हे कसे, ते कळत नव्हते. टी-पेशींना तर या गाठी दिसायलाच नकोत. संशोधकांना त्या गाठींमध्ये गॅमा-डेल्टा पेशी मोठ्या संख्येने सापडल्या, आणि त्याच मारण्याचे काम करत असल्याचे दिसले. टी-पेशींसाठी बनवलेले औषध प्रत्यक्षात या तिसऱ्याच पेशीला मोकळे करत होते. एचएलए हरवलेल्या इतर कर्करोगांतही असे घडते का, तोंडाच्या गाठीत पोहोचलेली गॅमा-डेल्टा पेशी किती काळ मारेकरी राहते, आणि दाहाच्या वातावरणात ती आयएल-१७ स्रवू लागण्याआधी तिला कसे रोखायचे, यांची उत्तरे मिळाल्याखेरीज दात्याच्या पेशी गोठवून ठेवण्याचा बेत घट्ट गाठींच्या रुग्णांपर्यंत पोहोचणार नाही.